‘बहुधा कंटॅमिनेशन’: सिझरनंतर सुरू झालेल्या मेंदूज्वराचं एक प्रकरण

मी सूक्ष्मजीवशास्त्राची डॉक्टर. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. रुग्ण मला सहसा भेटत नाहीत, त्यांच्या नळ्या भेटतात. हे प्रकरणही तीन नळ्यांनीच सुरू झालं. सकाळी साडेअकराच्या सुमाराला वॉर्डबॉयने त्या काउंटरवर आणून ठेवल्या. पाठीच्या मणक्यातलं पाणी, सगळं मिळून साधारण १० मिली. निरोगी माणसाचं हे पाणी नळाच्या पाण्यासारखं नितळ असतं. हे मात्र धुरकट होतं, तांदळाचं दुसरं धुवण असावं तसं. फॉर्मवर लिहिलं होतं: स्त्री, वय २९, टीबी मेनिंजायटिस (क्षयाचा मेंदूज्वर), एकेटी (क्षयाची औषधं) सुरू, सहावा आठवडा, प्रकृती खालावत आहे.

रुग्ण आणि तिचा नवरा दोघांनीही हे लिहायला परवानगी दिली आहे. ओळख पटू नये म्हणून वय, वस्ती आणि काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत. तपासण्या कोणत्या क्रमाने झाल्या आणि त्यांचा अर्थ कसा लागला, त्याला हात लावलेला नाही.

आधी काय घडलं होतं

सासर भांडुपच्या डोंगराकडच्या चाळीत, माहेर लालबागला, नवरा बस कंडक्टर. पहिलं बाळंतपण. उपनगरातल्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये सिझर झालं, कमरेखाली भूल (स्पायनल) देऊन. कमरेच्या मणक्यांमधून बारीक सुई आत जाते, मणक्यातल्या पाण्यापर्यंत पोहोचते आणि दोन-तीन मिली औषध आत सोडलं जातं. सगळं व्यवस्थित पार पडलं. पाचव्या दिवशी बाळ-बाळंतीण लालबागला आली. शेक-शेगडी, आळिवाची खीर, डिंकाचे लाडू, सगळं रीतसर.

पंधराव्या दिवशी डोकं दुखायला लागलं आणि अंगात कणकण आली. आई म्हणाली, ओल्या बाळंतिणीच्या कानात वारा गेला, डोक्याला घट्ट रुमाल बांध. नर्सिंग होममधून फोनवर सांगितलं की स्पायनलनंतर डोकं दुखतंच, पडून राहा, चहा-कॉफी घ्या, पाणी भरपूर प्या.

इथे थोडं थांबते. स्पायनलनंतरची डोकेदुखी खरी असते. सुईच्या भोकातून पाणी झिरपतं, मेंदूभोवतीचा दाब कमी होतो आणि डोकं ठणकतं. पण ती बहुतेक वेळा पहिल्या पाच दिवसांतच सुरू होते. उठून बसलं की वाढते, आडवं पडलं की उतरते. या मुलीचं डोकं पंधराव्या दिवशी दुखायला लागलं, आणि रात्री आडवी झाली की जास्त दुखायचं. शिवाय ताप होता. तीनही गोष्टी उलट्या होत्या. पण त्या कुणी विचारल्या नाहीत, आणि तिनेही आपणहून सांगितल्या नाहीत. बाळ तासातासाला उठत असताना स्वतःच्या डोक्याचा हिशोब ठेवायला तिला सवड कुठली?

बाविसाव्या दिवशी उलट्या आणि मान ताठ. घराजवळच्या एका रुग्णालयात भरती केलं. मणक्यातलं पाणी काढलं. पेशी ८२० (निरोगी पाण्यात पाचाच्या आत), त्यात ७० टक्के न्यूट्रोफिल, म्हणजे पू करणाऱ्या पेशी. प्रथिनं १९०, साखर २८, त्याच वेळी रक्तातली साखर १०४. एडीए, म्हणजे क्षयात वाढणारं एक विकर, ११. क्षयाच्या जंतूची जनुकं शोधणारी सीबीनॅट तपासणी निगेटिव्ह. कल्चरची, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची, बाटली चौथ्या दिवशी मशीनवर वाजली आणि रिपोर्ट आला: डिप्थेरॉइड, बहुधा कंटॅमिनेशन. म्हणजे कातडीवरचे निरुपद्रवी जंतू सुई टोचताना नमुन्यात आले असावेत.

दहा दिवस सेफ्ट्रायझोन आणि व्हॅन्कोमायसिन ही प्रतिजैविकं दिली. ताप हटेना. मग एकेटी सुरू झाली, क्षयाची चार औषधं: रिफॅम्पिसिन, आयसोनियाझिड, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल. सोबत डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइड. पाच दिवसांत ताप गेला, डोकं उतरलं, ती भाकरी खायला लागली. चाळिसाव्या दिवशी घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं: एकेटीला उत्तम प्रतिसाद.

माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात महाग पडलेलं वाक्य हेच. प्रतिसाद स्टेरॉइडला होता. स्टेरॉइड सूज उतरवतं, ताप दाबतं, भूक आणतं. जंतू कुठला आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. मेंदूच्या क्षयात ते द्यायलाच हवं. व्हिएतनाममध्ये झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोनमुळे मृत्यू कमी झाल्याचं दिसलं. पण दोन औषधं एकाच दिवशी सुरू केली की बरं वाटल्याचं श्रेय कुणाचं, हे नुसतं रुग्णाकडे पाहून ठरवता येत नाही.

पुढे स्टेरॉइडचा डोस दर आठवड्याला उतरवत नेला आणि अठ्ठावन्नाव्या दिवशी डोकं परत दुखायला लागलं. आता एकाची दोन माणसं दिसत होती आणि डाव्या कानात शिट्टी वाजत होती. यालाही नाव तयार होतं, पॅराडॉक्सिकल रिअॅक्शन. क्षयाचे जंतू मरायला लागले की शरीराची प्रतिक्रिया उसळते आणि उपचार बरोबर असूनही आजार बिघडल्यासारखा वाटतो. ही गोष्ट खरी आहे, आम्ही ती वारंवार पाहतो. म्हणून स्टेरॉइड वाढवलं. पाणी परत तपासलं नाही. सत्तराव्या दिवशी तिला जाग येईना, तेव्हा नवऱ्याने टॅक्सीत घालून आमच्याकडे आणलं.

त्या डॉक्टरांना मूर्ख ठरवायला मी हे लिहीत नाही. जगातल्या दर चार क्षयरुग्णांपैकी साधारण एक भारतात आहे, आणि मुंबईत मेंदूचा क्षय हा पिढ्यान्‌पिढ्यांचा ओळखीचा शत्रू आहे. डॉ. पी. एम. उदानी आणि डॉ. डी. के. दस्तूर यांनी १९६० च्या दशकात जे. जे. आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात क्षयाने बाधित मुलांच्या मेंदूंचा जो अभ्यास केला, तो जगभर वाचला गेला. या शहरात तीन आठवड्यांचा ताप, डोकेदुखी आणि पाण्यात कमी साखर दिसली की डॉक्टरांचा हात एकेटीकडे जातो. बहुतेक वेळा तो बरोबर असतो, आणि उशीर केला तर रुग्ण दगावतो. सीबीनॅट निगेटिव्ह आली म्हणून मेंदूचा क्षय नाही असंही म्हणता येत नाही, कारण पाण्यात जंतू फार थोडे असतात. एकेटी चालली नाही तर मुंबईकर डॉक्टरच्या मनात पुढचा विचार येतो तो औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचा. हा क्षयच नसेल, हा विचार फार उशिरा येतो.

आमच्या टेबलावर

एमआरआयमध्ये मेंदूच्या तळाची आवरणं चकाकत होती आणि मेंदूत पाणी साठलं होतं. सगळ्यात वाईट अवस्था कमरेत होती. तिथल्या मज्जातंतूंच्या मुळ्या एकमेकींना चिकटून त्यांचा गुंता झाला होता. आमच्या न्यूरॉलॉजिस्टनी तो एमआरआय दाखवताना कमरेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “आग खालून वर गेलीय. टीबी शक्यतो असा जात नाही.” मग मला म्हणाले, “पाणी पाठवतोय. जास्त पाठवतोय. नीट बघा.”

जास्त पाठवलं हे फार मोलाचं ठरलं. मायकोबॅक्टेरिया, म्हणजे क्षयाचा जंतू ज्या कुळातला ते जंतू, शोधायला एक-दोन मिली पाणी पुरत नाही. मी सगळं पाणी एकत्र केलं, सेंट्रिफ्यूजमध्ये जोरात फिरवलं आणि तळाशी बसलेल्या गाळाच्या स्लाइड केल्या.

पेशी मोजल्या तर ६४०, आणि त्यात ७८ टक्के न्यूट्रोफिल. मी तिथेच अडकले. क्षयाच्या मेंदूज्वरात सुरुवातीला न्यूट्रोफिल असू शकतात, पण काही दिवसांत लिम्फोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी त्यांची जागा घेतात. या मुलीच्या पाण्यात दोन महिने उलटून गेल्यावरही न्यूट्रोफिलच ठाण मांडून होते. अशा चिवट न्यूट्रोफिली मेंदूज्वराची कारणं मोजकी असतात: नोकार्डिया हा फांद्या फुटणारा जंतू, अॅस्परजिलससारखी बुरशी, आणि क्वचित वेगळ्या जातीचे मायकोबॅक्टेरिया.

नोकार्डियाच्या संशयाने मी झील-नेल्सन रंगाच्या दोन स्लाइड केल्या. या पद्धतीत स्लाइडवर लाल कार्बोल फ्युक्सिन ओततात, खालून ज्योत देऊन वाफा येईपर्यंत तापवतात (उकळू द्यायचं नाही) आणि मग आम्लाने धुतात. इतर जंतूंचा लाल रंग आम्लात उतरतो. मायकोबॅक्टेरियाच्या अंगावर मेणासारखं जाड कवच असतं, त्यात रंग अडकून राहतो. शेवटी निळा रंग देतात, म्हणजे निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसतात. नेहमीच्या स्लाइडला आम्ही २० टक्के गंधकाम्ल वापरतो. नोकार्डिया इतकं आम्ल सोसत नाही, म्हणून दुसरी स्लाइड १ टक्क्याची केली.

पहिल्या स्लाइडवर तीनशे क्षेत्रं पाहिली. एकच काडी दिसली, तीही फिकट, शंका यावी अशी. दुसरीवर चार स्पष्ट लाल काड्या मिळाल्या. एक तर न्यूट्रोफिलच्या पोटातच होती. फांद्या नव्हत्या, म्हणजे नोकार्डिया नाही. क्षयाच्या जंतूपेक्षा जरा जाड, अंगावर मण्यांसारखे ठिपके.

त्याच दिवशी संध्याकाळी सीबीनॅट परत निगेटिव्ह आली. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसावा म्हणजे तो बराच असावा लागतो. सीबीनॅटला त्याहून कितीतरी थोडे जंतू पुरतात. मग स्लाइडवर दिसणारा जंतू सीबीनॅटला का सापडत नाही? कारण सीबीनॅट फक्त क्षयाच्या गटातल्या जंतूंची जनुकं ओळखते. जंतू आहे, मायकोबॅक्टेरियमच आहे, पण क्षयाचा नाही. मी रात्री आठ वाजता न्यूरॉलॉजिस्टना फोन केला. ते म्हणाले, “नक्की?” मी म्हटलं, “चार दिवस द्या, वाढवून दाखवते.”

तिसऱ्या दिवशी सकाळी रक्ताच्या अगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या प्लेटवर, टाचणीच्या टोकाएवढे ठिपके होते. प्लेट खिडकीकडे तिरकी धरली तरच दिसत. चौथ्या दिवशी ते मळकट पांढरे, कडांना किंचित सुरकुतलेले झाले, आणि त्याच दुपारी द्रव माध्यमाची नळीही मशीनवर वाजली. क्षयाच्या जंतूला घन माध्यमावर दिसायला तीन ते सहा आठवडे लागतात. हा चार दिवसांत उगवला. क्षयाच्या जंतूचं प्रथिन पकडणाऱ्या एमपीटी ६४ च्या पट्टीवर एकच रेघ उमटली, कंट्रोलची. अॅरिलसल्फटेजची तीन दिवसांची चाचणी गुलाबी झाली, नायट्रेट पॉझिटिव्ह आलं. जनुकांवरून जात ओळखणाऱ्या लाइन प्रोब तपासणीने नाव पक्कं केलं: मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम.

तरीही एक प्रश्न उरत होता. हा जंतू नळाच्या पाण्यात राहतो. आमच्याच नळातून, आमच्याच रंगाच्या बाटलीतून नमुन्यात आला नसेल कशावरून? एकदा सापडलेल्या फॉर्च्युइटमवर कुणी डोळे झाकून विश्वास ठेवू नये. पण दरम्यान तिची गुंगी वाढली होती आणि न्यूरोसर्जननी मेंदूतलं पाणी बाहेर काढणारी नळी बसवली होती. त्या नळीतून आलेलं पाणी वेगळ्या दिवशी, वेगळ्या तंत्रज्ञाने, वेगळ्या खेपेच्या माध्यमावर लावलं. त्यावरही तोच उगवला. त्या दिवशी लावलेल्या बाकीच्या नमुन्यांत तो कुठेच नव्हता.

मग मी पहिल्या प्रयोगशाळेला फोन लावला. तिथल्या तंत्रज्ञ मुलीने वही काढली आणि वाचून दाखवलं: “ग्राम पॉझिटिव्ह काड्या, मण्यांसारख्या, डिप्थेरॉइडसारख्या.” मी विचारलं, झील-नेल्सन केलं होतं का? ती जरा वेळ गप्प राहिली. म्हणाली, “नाही मॅडम. कंटॅमिनेशन वाटलं.” प्लेट तेव्हाच टाकून दिली होती.

मी तिला रागावले नाही. ग्राम रंगात हे जंतू हुबेहूब डिप्थेरॉइडसारखे दिसतात, पुस्तकातही तसं लिहिलेलं असतं. मी स्वतः गेल्या इतक्या वर्षांत किती बाटल्यांवर तो शिक्का मारला असेल, हा विचार त्या रात्री मला झोपू देईना. एका स्लाइडचं काम होतं. पंचवीस मिनिटं. ती स्लाइड झाली असती तर सत्तराव्या दिवसाऐवजी सव्विसाव्या दिवशी हे कळलं असतं. तेव्हा तिची दृष्टी आणि कान शाबूत होते आणि ती आपल्या पायांनी चालत होती.

आत शिरला कसा

या जंतूचं नावच त्याची वाट सांगतं. १९३८ साली ब्राझीलच्या दा कोस्ता क्रूझ यांना तो इंजेक्शनच्या जागी झालेल्या गळवात सापडला. फॉर्च्युइटम म्हणजे योगायोगाने आलेला. त्याआधी १९०५ मध्ये बेडकातही तो आढळला होता, वेगळ्या नावाने. माती, पाणी, धूळ हे त्याचं घर. माणसापासून माणसाला तो होत नाही. धडधाकट माणूस तो रोज पाण्यातून पितो आणि काही होत नाही.

मुंबईला विहार, तुळशी, तानसा, मोडक सागर, भातसा, ऊर्ध्व वैतरणा आणि मध्य वैतरणा अशा सात तलावांचं पाणी येतं, शुद्ध होऊन, क्लोरिन घालून. ते प्यायला चांगलं आहे. क्लोरिनने पटकी-विषमज्वराचे जंतू मरतात, पण मायकोबॅक्टेरियाचं मेणाचं कवच क्लोरिनला बरंच दाद देत नाही. पाणी दिवसातून काही तासच येत असल्याने इमारतीला गच्चीवर टाकी लागते. टाकीच्या आणि पाइपच्या आतल्या बुळबुळीत थरात हे जंतू घर करतात. पिण्याच्या पाण्यात ते चालतात. सुईच्या टोकावर एकही चालत नाही.

ही मुलगी मधुमेही नव्हती, एचआयव्ही निगेटिव्ह, प्रतिकारशक्तीत कसलाच दोष नाही. कातडी, स्नायू आणि आवरण ही सगळी कुंपणं ओलांडून जंतू थेट आत सोडला गेला तर प्रतिकारशक्ती उत्तम असूनही उपयोग होत नाही. वैद्यकीय नियतकालिकांत फॉर्च्युइटमच्या मेंदूज्वराची जी थोडी प्रकरणं आहेत, त्यांत बहुतेकांच्या मागे शस्त्रक्रिया, शंट (मेंदूतलं जादा पाणी वाहून नेणारी, शरीरात बसवलेली नळी), मार लागून झालेली जखम किंवा मणक्यात दिलेलं इंजेक्शन असतं.

नर्सिंग होमच्या डॉक्टरांना मी भेटले. त्यांनी दार बंद केलं नाही, उलट शस्त्रक्रियागृह दाखवलं. स्वच्छ होतं. सुया डिस्पोजेबल, सीलबंद. मग एका स्टीलच्या ट्रेकडे लक्ष गेलं. त्यात भुलेच्या औषधाच्या अँप्युल, म्हणजे काचेच्या बंद कुप्या, पातळ केलेल्या जंतुनाशकात बुडवून ठेवल्या होत्या. अँप्युल बाहेरून निर्जंतुक असावी म्हणजे हातमोजे घातलेल्या भूलतज्ज्ञाला ती थेट उचलता यावी, हा हेतू. जंतुनाशक पातळ करायला पाणी कुठलं घेता, मी विचारलं. सिस्टरने बेसिनच्या नळाकडे हात केला. ट्रे रोज बदलता? “संपत आला की भरतो.”

ही पद्धत कुणा एकाची नव्हे, पूर्वी अनेक ठिकाणी चालायची. तिच्यातला धोकाही जुना आहे. १९४७ साली इंग्लंडमध्ये चेस्टरफील्डच्या रुग्णालयात एकाच दिवशी स्पायनल दिलेले दोन पुरुष कमरेखाली कायमचे लुळे झाले. अँप्युल फिनॉलच्या द्रावणात ठेवल्या होत्या. काचेला डोळ्याला न दिसणारे तडे होते आणि त्यातून फिनॉल आत गेलं, असा निष्कर्ष तिथल्या न्यायालयाने काढला. पुढे त्या निष्कर्षाला आव्हान दिलं गेलं. पण त्या खटल्यानंतर भूलतज्ज्ञांच्या पिढ्या एक गोष्ट शिकल्या: अँप्युल द्रावणात बुडवून ठेवायची नाही, हवी तर निर्जंतुक वेष्टनातली घ्यायची.

ट्रेमधल्या द्रावणात आणि नळाच्या तोंडाशी घासलेल्या कापसात, दोन्हीत फॉर्च्युइटम सापडला. तो आणि रुग्णाच्या पाण्यातला जंतू एकच आहे हे सिद्ध करायला दोघांच्या जनुकांची अक्षर न् अक्षर जुळणी करावी लागते. ती झालेली नाही, म्हणून ट्रे दोषी आहे असं मी लेखी दिलेलं नाही. जे सापडलं तेवढंच लिहून दिलं. ट्रे त्याच दिवशी गेला. मागच्या सहा महिन्यांत तिथे स्पायनल दिलेल्या सगळ्या रुग्णांना फोन करायला मी सांगितलं. त्यांनी केले. दुसरं कुणी आजारी नव्हतं.

उपचार

एकेटी थांबवली. त्यातलं एकही औषध या जंतूवर चालत नाही. किती दिवस तिने ती उपाशीपोटी, मळमळीसकट गिळली होती!

नवी औषधं निवडताना दोन अटी होत्या: जंतूला लागू पडणारी हवीत, आणि मेंदूच्या पाण्यात पोहोचणारी हवीत. अमिकासिन जंतूला मारतं पण पाण्यात कमी उतरतं. लिनेझोलिड, मॉक्सिफ्लॉक्सासिन आणि कोट्रायमॉक्सॅझोल चांगली उतरतात. इमिपेनेम या जंतूवर नेहमीचं, पण मेंदू सुजलेला असताना त्याने झटके येण्याची भीती असते, म्हणून मेरोपेनेमची संवेदनशीलता तपासून ते दिलं. क्लॅरिथ्रोमायसिनने आम्हाला फसवलंच असतं. तिसऱ्या दिवशी ते लागू दिसत होतं. आम्ही नळ्या चौदा दिवस ठेवल्या आणि चौदाव्या दिवशी तोच जंतू त्यात खुशाल वाढलेला. या जातीत एक जनुक असतं, ते औषध समोर आल्यावरच जागं होतं. घाईने रिपोर्ट दिला असता तर निकामी गोळी वर्षभर चालली असती.

सुरुवातीला अमिकासिन, मेरोपेनेम, मॉक्सिफ्लॉक्सासिन आणि लिनेझोलिड दिलं. अमिकासिनने कान जातात म्हणून आधीच ऑडिओग्राम काढला, तर डावा कान निम्म्याहून अधिक गेलेला आढळला, आजारानेच. म्हणजे उजवा सांभाळायचा होता. दर आठवड्याला श्रवण तपासणी आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन. पाचव्या आठवड्यात प्लेटलेट ७४,००० वर आल्या, लिनेझोलिड बंद करून कोट्रायमॉक्सॅझोल सुरू केलं. आठव्या आठवड्यात उजव्या कानाचे उंच स्वर किंचित घसरले, त्याच दिवशी अमिकासिन थांबवलं. तोपर्यंत ओळीने तीन वेळा पाण्यात वाढ नव्हती. मग शंट बसवला. त्याआधी बसवला असता तर जंतूला राहायला नवी नळी दिल्यासारखं झालं असतं. पुढे मॉक्सिफ्लॉक्सासिन आणि कोट्रायमॉक्सॅझोल तोंडाने, एकूण वर्षभर.

घर

निदान पक्कं झालं त्या दिवशी नवरा प्रयोगशाळेच्या दाराशी आला. ड्युटीवरून थेट, खाकी कपड्यांत. म्हणाला, “मॅडम, टीबी नाही म्हणता, मग हे दोन महिने काय होतं?” मी त्याला आत बोलावलं आणि प्लेट दाखवली. बराच वेळ बघत राहिला. मग हळूच विचारलं, “बाळाला जवळ घेतलं तर चालेल?”

तेव्हा मला कळलं. टीबी म्हटल्यावर घरात तिचं ताट-वाटी वेगळी झाली होती. बाळ आत्याकडे गेलं होतं, डब्याच्या दुधावर. महिनाभर तिने त्याला दारातून पाहिलं होतं. मेंदूच्या आवरणाचा क्षय शिंकेतून पसरत नाही. फुप्फुसात आजार नसेल तर आईपासून बाळाला तोडायचं कारणच नाही. हे कुणीतरी डिस्चार्जच्या वेळी दोन मिनिटं बसून सांगायला हवं होतं. आणि हा जंतू तर क्षयाचाही नव्हता. सासूबाईंना मी स्वतः वॉर्डात बसवून समजावलं. त्या ऐकून घेत होत्या, पदराच्या टोकाला गाठ मारत, सोडत. शेवटी म्हणाल्या, “आम्ही काय करणार बाई, डॉक्टरनेच लिहिलंवतं ना टीबी.” त्यांचं खरंच होतं. दुसऱ्या दिवशी बाळ आलं. आई शुद्धीवर होती पण बोलत नव्हती. तिने बाळाचा पाय धरला आणि झोप लागेपर्यंत सोडला नाही.

क्षयाच्या सरकारी नोंदीतून तिचं नाव काढायला निदान बदलल्याचं पत्र लागलं, ते मी दिलं. नुकसानभरपाईचं नवऱ्याने विचारलं. सगळे रिपोर्ट, स्लाइडचे फोटो आणि नर्सिंग होममधल्या नमुन्यांचे निकाल एका फाइलमध्ये लावून त्याच्या हातात दिले आणि वकिलाला दाखवायला सांगितलं. जंतू आमच्या फ्रीझरमध्ये उणे ७० अंशांवर ठेवला आहे, कुणाला पुढे जुळणी करायची असेल तर.

आमच्या प्रयोगशाळेत आता मणक्याच्या पाण्यातल्या प्रत्येक ‘डिप्थेरॉइड’ची झील-नेल्सन स्लाइड होते, आणि ती झाल्याशिवाय त्या रिपोर्टवर सही होत नाही. त्या पहिल्या प्रयोगशाळेतल्या मुलीनेही मला कळवलं की त्यांनी तसंच सुरू केलंय.

वर्ष पुरं झाल्यावर औषधं थांबवण्याआधी शेवटचं पाणी आलं. पेशी ४, सगळ्या लिम्फोसाइट. साखर ६१. नितळ. डावा पाय अजून ओढत चालते, पायात स्प्लिंट आहे, पण आता एकाचं एकच दिसतं आणि स्वयंपाक स्वतः करते. कल्चर पूर्ण बेचाळीस दिवस ठेवलं. बेचाळिसाव्या दिवशी ‘वाढ नाही’ लिहून सही केली आणि नवऱ्याच्या नंबरवर फोन लावला. फोन तिने उचलला. मागे बाळ कशावर तरी चमचा आपटत होतं.

“थांबा हां मॅडम,” ती म्हणाली, “उजव्या कानाला लावते.”